कार्नाचं लग्न कुठे लागलं

२ मार्च, रविवार

आमच्या कामाच्या ठिकाणी नियम आहे: गडबड दिसली की त्याच दिवशी लिहायची. दुसऱ्या दिवशी लिहिलेली गडबड सौम्य झालेली असते. ही गडबड मला सौम्य होऊ द्यायची नाही. म्हणून आजपासून ही वही.

रेवा दुपारी जेवायला आली होती. डब्लिनच्या त्या टोकाच्या डून लेरीहून या टोकाला आमच्या स्वोर्ड्सला यायचं म्हणजे आधी डार्टची लोकल, मग बस. त्यामुळे लेक आली की शुभदा सणासारखा स्वयंपाक करते. दुसऱ्या पोळीचा पहिला तुकडा मोडताना रेवा म्हणाली, "जुलैत मी आणि कार्ल लग्न करतोय. रजिस्ट्रारकडे नोटीस देऊन झाली."

देऊन झाली! सरकारला आधी, बापाला नंतर.

"मला विचारायचं नाही?"

"विचारतेय ना आता, बाबा."

"हे विचारणं नव्हे. कळवणं आहे."

"ग्रँड. मग कळवते."

(मी मराठीत विचारतो, ती इथल्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर देते. वही माझी आहे, इथे सगळे मराठीत बोलतील.)

आणि वर म्हणाली, "नाव मात्र मी बदलणार नाहीये हं." पोळी वाढायला उठलेली शुभदा जागीच थांबली. मी म्हटलं, नाव बदलायचं नाही तर लग्न कशाला करता, राहताय तसे राहा. रेवा ताट उचलून सिंककडे गेली. मटकी तशीच.

ती गेल्यावर शुभदा भांडी विसळताना म्हणाली, "अहो, तुमचंच नाव राहील तिच्यामागे. त्यात चिडण्यासारखं काय आहे?"

"प्रश्न नावाचा नाही, पद्धतीचा आहे."

"हो का," असं म्हणून तिने पातेलं गरजेपेक्षा जोरात पालथं घातलं.

८ मार्च, शनिवार

चौकशी करायची, हे पक्कं.

आमच्या लग्नाच्या वेळी शुभदाचे मामा ओझरला येऊन गेले होते. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारलं, आयटीआयच्या सरांना विचारलं, मी तेव्हा मस्कतला होतो तर तिथे माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या घरचा पत्ता काढून त्यांनाही विचारलं. मला राग आला नाही. उलट मामांबद्दल आदर वाटला. मुलगी द्यायची तर माणूस खणून बघतो.

कार्लची चौकशी कुणाकडे करू? त्याला गल्ली नाही, किराणावाला नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा मुलगा, डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी. शेवटी त्यालाच फोन लावला. "तुमचं घराणं मूळचं कुठलं?"

"डॅनिश, बहुतेक. किंवा स्वीडिश. दोन्हींपैकी एक."

बहुतेक! आपण कुठून आलो हे याला बहुतेक माहीत आहे.

मी विमानांच्या सुट्या भागांचे कागद तपासतो. इंजिनातल्या काही भागांचा जन्मापासूनचा माग लागतो: कुठे घडला, कुठल्या विमानात बसला, कधी काढला, पुढे कुठे गेला. मधला एक कागद नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, भंगारात. मी साधा आयटीआयचा फिटर. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही, मस्कतच्या हँगरमध्ये मॅन्युअलं वाचून वाचून शिकलो. आज डिग्रीवाली पोरं माझ्या सहीसाठी टेबलापाशी उभी राहतात.

इंजिनाच्या पंख्याच्या पात्याला जो नियम, तो जावयाला का नाही?

१६ मार्च, रविवार

कार्लने व्हिडिओवर आजोबांशी गाठ घालून दिली. रॉय ऑल्सन, वय पंच्याऐंशी, कानाला यंत्र, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. माणूस नीटस आहे. कार्लचे वडील म्हणजे रॉयचा मुलगा. तो वारला आहे, सून जोअन जवळच राहते.

रॉय म्हणाले, "माझे आजोबा निल्स. दोन वर्षांचे असताना आईबापांबरोबर बोटीने आले. त्याआधीचं कुणालाच काही ठाऊक नाही. त्यांच्या आईने घरात आयुष्यभर बीट शिजू दिलं नाही, एवढी एकच गोष्ट आमच्यापर्यंत पोचली आहे. तुम्हाला आणखी काही सापडलं तर ईस्टरला जोअन तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवा. मला फार वाट बघता येईल असं नाही." आणि हसले.

मी शब्द दिला. दिला तेव्हा चांगल्या मनानेच दिला होता, हे नोंदवून ठेवतो.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर जुनं स्वीडिश आणि डॅनिश हस्ताक्षर शिकतोय. पाद्र्यांनी कोंबडीच्या पायांनी लिहावं तसं लिहिलंय. एचसारखं दिसतं ते एस असतं. अक्षरांचा तक्ता छापून हॉट प्रेसच्या, म्हणजे टॉवेलांच्या गरम कपाटाच्या दारावर चिकटवला, टॉवेल काढायला गेलं की चार अक्षरं होतात. शुभदा म्हणते, तिला आता टॉवेल नको झालाय.

पण माग लागला! मिनेसोटातल्या चर्चच्या पुस्तकात निल्सचे आईबाप सापडले, जन्मगावांसकट. ओला पेर्सन आणि कार्ना. दोघं दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातले. तिथे शेतमजुरांना पोटापुरतं काम नव्हतं, म्हणून समुद्र ओलांडून डेन्मार्कच्या लोलंड बेटावर साखरेचं बीट काढायला जायचे. अगदी आपल्या ऊसतोडीच्या टोळीसारखं, मुकादमासकट. वाकून वाकून चिखलातून बीट उपटायचं, झोपायला कोठारात पेंढा. काही वर्षं हे केलं आणि १८८२ साली तिथूनच अमेरिकेची बोट धरली.

म्हणजे रॉयच्या घरात बीट का शिजत नव्हतं ते कळलं.

त्या लोकांची नावाची रीत मात्र मला एका मिनिटात समजली. आडनाव नाहीच, माणसाचं नाव, पुढे बापाचं. पेर्सन म्हणजे पेरचा मुलगा. निल्सडॉटर म्हणजे निल्सची मुलगी. इंटरनेटवर अमेरिकन लोक यावर पानंच्या पानं लिहितात, गोंधळ गोंधळ म्हणून रडतात. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. उपेंद्र श्रीपाद, श्रीपाद बाळकृष्ण. आपलीच पद्धत!

३० मार्च, पाडवा

इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी आज एक तास पुढे गेली आणि त्यातच पाडवा, त्यामुळे गुढी उशिरा. मागच्या अंगणात वारा असा की गुढीचं जरीचं कापड शेजारच्या फियोनाच्या भिंतीवर जाऊन बसलं. कार्लने ते काढलं, बांबूला दोरी स्वतः बांधली. गाठ चांगली बांधतो. हे कबूल.

श्रीखंडाच्या वेळी त्याला माझं घराणं सांगितलं. वडील श्रीपाद, आजोबा बाळकृष्ण, पणजोबा विठ्ठल. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे आम्हाला झोपेतही येतात. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "आणि तुमच्या पणजीचं नाव?"

असा कसा प्रश्न? मी म्हटलं, "श्रीखंड घे अजून."

"बाबांना माहीत नाहीये," रेवा म्हणाली.

"माहीत नाही असं नाही. नोंद नाही."

रेवा इतकी हसली की तिला ठसका लागला. कार्ल हसला नाही, ताटाकडे बघत राहिला. मला त्या न हसण्याचाच जास्त राग आला. शुभदा काहीतरी बोलणार होती, पण मी पाणी मागितलं.

६ एप्रिल, रविवार

सापडलं. मला वाटलंच होतं.

कोपनहेगनच्या पोलिसांकडे परदेशी जाणाऱ्यांची नावं लिहिलेली असत. त्यात हे तिघं आहेत. ओला पेर्सन, मजूर, वय एकतीस. खाली कार्ना निल्सडॉटर, वय सत्तावीस. खाली मूल, निल्स, वय दोन.

कार्ना निल्सडॉटर! बापाचंच नाव. नवरा असता तर बोटीत बसताना नवऱ्याचं नाव लागलं असतं. पोर दोन वर्षांचं, आणि बाई अजून निल्सची मुलगी म्हणून फिरते आहे.

मी एका पुराव्यावर सही करणारा माणूस नाही. लोलंडच्या त्या भागातल्या सगळ्या चर्चांमधली, ती दोघं तिथे होती त्या सगळ्या वर्षांची लग्नं ओळीओळीने वाचली. डोळ्यांतून पाणी आलं वाचून वाचून. लग्न नाही. कुठेही नाही. मिनेसोटात गेल्यावर चर्चमध्ये नवराबायको म्हणून सांगितलं असणार. तिथे कोण विचारायला बसलंय?

त्या विषयाच्या एका फोरमवर डेन्मार्कच्या कुणी बाईने लिहिलं, आधी तिच्या गावची स्वीडनमधली पुस्तकं बघा. मी उत्तर दिलं नाही. माणूस पोटासाठी देश सोडून गेला की त्या देशातला त्याचा कागद संपतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी दोनदा सोडलाय.

१२ एप्रिल

पॅव्हिलियन्स मॉलमध्ये मराठी मंडळाचा रवींद्र भेटला. "काय उपेंद्रराव, जावई गोरा म्हणे! लाडू कधी?" चार माणसं ऐकतील असा आवाज. मी म्हटलं चौकशी चालू आहे. "चौकशी? अमेरिकनाची?" आणि ट्रॉली ढकलत, हसत गेला. दूध घ्यायचं राहिलं.

२० एप्रिल, ईस्टर

जसं घडलं तसं लिहितो. शब्द कमीजास्त करणार नाही.

जोअन आल्या. साठीच्या आतल्या, शांत बाई. स्वतः भाजलेल्या बिस्किटांचा डबा आणला होता. दुसरी पुरणपोळी मागून घेतली. शुभदाशी तर अशा बोलत होत्या की दोघी एका वाड्यात राहिल्यासारख्या.

जेवण झाल्यावर म्हणाल्या, "रॉयने मला बजावून पाठवलंय. मिस्टर निमकरांनी जे शोधलंय ते नीट घेऊन ये, दुमडू नकोस."

मी अहवाल आणला. सहा पानं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. वाचला. स्कोने, लोलंड, बीट, सगळं झालं. जोअन पुढे वाकून ऐकत होत्या, कार्लने रेवाचा हात धरला होता. मग मी पाचव्या पानावर आलो. निष्कर्ष: ओला आणि कार्ना यांचा विवाह झालेला नाही. निल्स हे अनौरस अपत्य. घराण्याचा माग इथे तुटतो.

वरून एक विमान उतरायला गेलं.

जोअन म्हणाल्या, "हे मी रॉयला सांगायचं?"

"जे आहे ते आहे. मी काही बनवलेलं नाही."

"नाही, तसं नाही म्हणत मी." त्यांनी चष्मा काढला. "ते निल्सच्या मांडीवर वाढलेत, म्हणून विचारलं."

कार्ल म्हणाला, "सर, एकशे चाळीस वर्षं झाली. असेल तर असेल."

या 'असेल तर असेल'नेच माझं डोकं फिरलं. मी मराठीत शुभदाला म्हटलं, "ऐकलंस? अशा घरात मुलगी द्यायची?"

रेवाला मराठी बोलता येत नाही असं मी समजत होतो. ती उठून उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "द्यायची? मी काय स्पेअर पार्ट आहे का, बाबा? तुम्ही सही करणार आणि मग मला बसवणार?"

कोट घेतला. दारात वळून म्हणाली, "जुलैत येऊ नका. आई, तू ये."

फोल्डर टेबलावरच राहिला. जोअनने नेला नाही. बिस्किटांचा डबाही राहिला.

२२ एप्रिल

रेवा फोन उचलत नाही.

मी चूक काय केली? खोटं लिहिलं का? लोकांना माग हवा असतो, पण मनासारखा हवा असतो. ऑफिसात आज एका पोराने तारीख खोडून वर लिहिली, त्याला इतकं झापलं की मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. चुकीची नोंद खोडायची नसते. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं, सही, तारीख. हे शंभरदा सांगितलंय!

२६ एप्रिल, शनिवार

शुभदा पाच दिवस कामापुरतंच बोलत होती. आज दुपारी भाजी निवडताना मी तिला समजावायला गेलो. म्हटलं, तूच सांग, पुरावा बघ, सगळी चर्चं वाचली, लग्न नाही.

ती म्हणाली, "कुठली चर्चं?"

"लोलंडची. जिथे ते काम करत होते तिथली."

मेथीची जुडी तिने खाली ठेवली. "अहो, आपलं लग्न कुठे लागलं?"

"येवल्याला. हे काय विचारणं?"

"तुम्ही तेव्हा कामाला कुठे होतात?"

मी मेथीची एक काडी मोडली.

"मस्कतला. तीन आठवड्यांची रजा काढून आलात, लग्न लावलंत, परत गेलात. मी चार महिन्यांनी आले. उद्या कुणी शहाणा आपलं लग्न मस्कतमध्ये शोधत बसला तर त्याला सापडेल का? तो काय लिहील रेवाबद्दल?"

मी म्हटलं, नावाचं काय मग? लग्न झालं असतं तर नाव बदललं असतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं त्यांच्यात बदलतात म्हणून?"

"आपल्यात बदलतात. त्यांची पद्धत आपल्यासारखी..."

"आपल्यात!" तिचा आवाज असा चढलेला मी फार वर्षांनी ऐकला. "आपल्यात काय बदलतात ते मला सांगा! मी सुलेखा होते. सुलेखा मुरलीधर टिल्लू. तुम्ही ताटात तांदूळ पसरून अंगठीने शुभदा लिहिलंत, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभदा उपेंद्र निमकर नावाची मुलगी येवल्यात कधी जन्मलीच नाही. शोधा तुम्ही! माझ्या शाळेत शोधा, दवाखान्यात शोधा. माझा जन्मापासूनचा माग कुठाय? तुमच्या नियमाने मी भंगारात."

मेथी तशीच टाकून वर गेली.

मी बराच वेळ मेथी निवडली. काड्या पानांत आणि पानं काड्यांत जात होती. पद्धत म्हणून पद्धत असते, त्यात इतकं चिडायचं काय? आणि नाव तिनेच पसंत केलं होतं. केलं होतं का? आठवत नाही. नोंद नाही.

४ मे, रविवार

कार्नाच्या गावची पुस्तकं उघडली. एल्मस्टॉर्प. आधीच उघडायला हवी होती, हेही नोंदवतो.

बीटचा हंगाम नोव्हेंबरात संपायचा. जमीन गोठली की टोळ्या घरी परत यायच्या, वसंतात पुन्हा जायच्या. दर वर्षी! मस्कतहून ओझरला मी जायचो तसंच. तर मग लग्नं कधी लागणार? हिवाळ्यात. घरी. मी लोलंडच्या उन्हाळ्यात शोधत बसलो होतो.

डिसेंबर १८७८. ओला पेर्सन, कार्ना निल्सडॉटर. नाताळच्या आधी, तिच्या गावच्या चर्चमध्ये. निल्स जन्मायच्या आधी जवळजवळ दोन वर्षं.

आणि पुढच्या वर्षीच्या गावच्या पुस्तकात पाद्र्याने घरातली माणसं लिहिली आहेत. ओला पेर्सन. खाली, बायको, कार्ना निल्सडॉटर. बायको म्हणून लिहिलंय आणि नाव तेच. त्यांच्यात बाईचं नाव बदलतच नसे! पानं उलटत गेलो. शेजारच्या घरात तेच. त्याच्या शेजारी तेच. म्हाताऱ्या, विधवा, दहा पोरांच्या आया, सगळ्या आपापल्या बापांच्या मुली. हे कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलं असतं. मी पहिलं प्रकरण वाचलं नव्हतं, कारण ते मला येत होतं.

मुलाचं नाव निल्स का, तेही कळलं. तिच्या बापाचं ठेवलं.

त्या निल्सने काय केलं असेल? मुलगी आधी बेटावर गेली, मग समुद्रापार. परत यायची नाही हे त्याला कळलं असणार. पण त्या पोलिसाने बंदरावर नाव विचारलं तेव्हा पोरीने निल्सची मुलगी असंच सांगितलं. माझ्या डोक्यात हे उगाच फिरतंय. अक्षरं वाचून डोळे दुखताहेत.

५ मे, बँक हॉलिडे

रॉयना मीच फोन लावला. जोअनने काही सांगितलेलंच नव्हतं! "मिस्टर निमकर अजून शोधताहेत," एवढंच. त्या बाईने माझी इज्जत राखली, आणि याचा मला का राग यावा कळत नाही, पण आला.

सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट. रॉय इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं कानाचं यंत्र निघालं. मग म्हणाले, "कार्लचं मधलं नाव निल्स आहे. आमच्यात कुणीतरी एक असतोच. कुणावरून ते माहीत नव्हतं." मग सावकाश, "म्हणजे तिचा बाप होता."

"हो," मी म्हटलं. "बाप होता."

११ मे, रविवार

डून लेरीला गेलो. न कळवता. डार्ट दोनदा थांबली, सिग्नल म्हणे. या देशात सिग्नलला काय धाड भरते देव जाणे.

रेवा खाली आली, वर ये म्हणाली नाही. धक्क्यावर चालत गेलो. रविवारची गर्दी, आइस्क्रीमची रांग, कुत्री. तिने हात रेनकोटच्या खिशात ठेवले होते. लहानपणी रुसली की असेच ठेवायची.

फोल्डर दिला. पाचव्या पानावर मी निष्कर्षावर एक रेघ मारली होती. खालचं वाचता येईल अशी. शेजारी: विवाह डिसेंबर १८७८, एल्मस्टॉर्प. उ. श्री. निमकर. तारीख.

तिने उभ्या उभ्या वाचलं. वाऱ्याने पान फडफडत होतं, मी दुसरीकडून धरलं.

"सॉरी म्हणा, बाबा."

"सही केलीय."

"सॉरी."

"आमच्यात सही म्हणजे तेच असतं. माझ्या बत्तीस वर्षांत माझ्या नोंदीवर मारलेली ही पहिली रेघ आहे, तुला कल्पना नाही..."

"बाबा!"

म्हटलं. समुद्राकडे बघून म्हटलं, पण तिला ऐकू आलं. एका कुत्र्यालाही आलं असावं, ते थांबून बघायला लागलं.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "कार्लकडचं झालं. आता माझ्या बाजूचं करा. जोअनला लग्नात दोन्ही घराण्यांची झाडं कागदावर शेजारीशेजारी लावायची आहेत."

"त्यात काय, तोंडपाठ आहे."

"पुरुष तोंडपाठ आहेत. बायका लिहा. त्यांच्या स्वतःच्या नावाने. एकही चौकट रिकामी नको. ती घेऊन या जुलैत." मग म्हणाली, "मेल पाठवते ना मी ऑफिसात, तिथे रेवा निमकर लिहिते. रजिस्ट्रारकडे पूर्ण दिलंय. मधल्यासकट."

मी म्हटलं, उपेंद्रचं स्पेलिंग बरोबर दिलंस का? इथे लोक वाट्टेल ते लिहितात.

तिने माझ्या दंडाला हात लावला आणि तसाच ठेवला. मी स्पेलिंग पुन्हा एकदा सांगितलं.

१८ मे, रविवार

मोठा कागद आणून चौकटी आखल्या. माझ्या बाजूचे पुरुष पाच मिनिटांत झाले. आई लिहिली, आजी लिहिली. त्यांची माहेरची नावं भावाला नाशिकला फोन करून विचारावी लागली, त्यालाही एकच ठाऊक होतं. मग विठ्ठल, आणि शेजारी पणजीची चौकट. रिकामी. चुलतभावाला फोन केला, त्याने ही काय भानगड म्हणून विचारलं. आत्याच्या मुलीला केला. त्र्यंबकला उपाध्यांकडे आमच्या कुळाची वही आहे, तिथे विचारलं, तर तिथेही विठ्ठल, बाळकृष्ण, श्रीपाद. दोन तास गेले. मी पेन आपटलं.

शुभदा दाराशी होती. कधीपासून, माहीत नाही.

"ठकू," ती म्हणाली.

"काय?"

"तुमची पणजी. सासरचं नाव सरस्वती, माहेरचं ठकू. सासूबाईंनी सांगितलं होतं मला, मी नवीन होते तेव्हा. त्यांच्या लग्नात म्हातारी होती ना. म्हणायच्या, सरस्वती म्हणून हाक मारली की ऐकू यायचं नाही, आणि ठकू म्हटलं की चटकन वळून बघायची."

"आणि हे तू मला अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"पाडव्याला सांगणार होते. तुम्ही पाणी मागितलंत."

ठकू लिहिलं. चौकट भरली. मग खाली रेवाच्या आईची चौकट होती, ती मी सकाळीच शाईने भरून टाकलेली. शुभदा, असं. त्यावर एक रेघ मारली. शेजारी सुलेखा मुरलीधर टिल्लू. सही. तारीख. एका महिन्यात दुसरी रेघ!

ती चहाला दूध तापवायला स्वयंपाकघरात गेली होती. नोंद केली की पडताळून बघायची, ही माझी सवय. मी इथूनच हाक मारली, "सुलेखा."

ती इतक्या चटकन वळली की दूध उतू गेलं. सगळ्या शेगडीवर. इतकी वर्षं सांगतोय, दूध गॅसवर असताना लक्ष दुसरीकडे नको म्हणून. ती ते पुसायचं सोडून तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेवटी फडकं मलाच घ्यावं लागलं.